दार उघडं ठेवा, कूलर चालू आहे

मी कूलर बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतोय, वाईट वाटून घेऊ नका. हळू बोलायची आमच्या खानदानात रीतच न्हाई. मी काही कंपनीचा वगैरे नव्हे. परभणीत योगीराज मिस्त्रीच्या शेडात जन्मलो. अंगाला पत्रा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, पोटात पाण्याची टाकी आणि तोंडाला असला पंखा, की चालू केला तर शेजारची शेळी दावं तोडायची.

"आवाज करतोय थोडा," मिस्त्री गिऱ्हाइकांना म्हणाला, "पण हवा बघा की!"

गिऱ्हाईक म्हणजे दोन पोरं. एक जिंतूरच्या किराणा दुकानदाराचा वीरभद्र, दुसरा चारठाण्याचा धम्मानंद. दोघं कृषी विद्यापीठात शिकायला आलेले, एका खोलीत राहणारे आणि परभणीच्या उन्हानं पार भाजून निघालेले. त्यांनी मला नवऱ्यामुलासारखं ऑटोत बसवलं आणि स्वतः बाहेर लोंबकळत आले.

खोलीत कायदा एकच होता. जो माझ्यात पाणी भरील, त्यानं माझ्यासमोर झोपायचं. नळाला पाणी यायचं ते कधीमधी, देवाच्या मनात आलं तर. एरवी हापशावरून घागरी आणाव्या लागायच्या. मग रोजची भांडणं.

"अर्धीच घागर टाकलीस बे तू!"

"अर्धी? डोळ्यात मोतीबिंदू झालाय का तुझ्या?"

वीरभद्र लिंगायत घरातला. सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायचा. पूजा होईस्तोवर तोंडातून अवाक्षर काढायचा नाही. धम्मानंद नेमकी तीच वेळ साधायचा. मांजरीच्या पावलानं उठायचा, माझं तोंड आपल्या खाटेकडं वळवायचा आणि शहाण्यासारखा डोळे मिटून पडायचा. वीरभद्राला घामाच्या धारा लागायच्या, पण करतो काय? पूजा संपली, नमस्कार झाला, की पहिला शब्द निघायचा, "गाढवा!" त्यानंतर उशा उडायच्या.

माझ्या दोन खोडी आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. एक म्हणजे मी चालू असलो की माणसाला ओरडूनच बोलावं लागतं. दुसरी म्हणजे मला दार उघडं लागतं; कोंडलेल्या खोलीत मी नुसता चिकचिकाट करतो. त्यामुळं त्या खोलीचं दार कधी लागलंच नाही. येणारा-जाणारा डोकवायचा, "लय गार हाय की!" म्हणायचा आणि बूड टेकायचा. मालकीणबाईसुद्धा भाजी निवडायला माझ्यासमोर येऊन बसायच्या. काय ते दिवस होते! आठवलं की अजून टाकी भरून येते.

शिक्षण संपलं. वीरभद्राला पुण्यात नोकरी लागली. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ह्याला इकू नको बे." धम्मानंद परभणीतच राहिला. बी-बियाण्याचं दुकान टाकलं, घर बांधलं, मंजुषाशी लग्न केलं. मी त्याच्याचकडं. आधी दोघांचे रोज फोन व्हायचे, मग सणासुदीला. पुढं तर मोबाईलवर नुसतं गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ'. फुलाला उत्तर म्हणून दुसरं फूल. कसली ही दोस्ती, सांगा!

यंदाच्या मे महिन्यात फोन आला. जिंतूरला नात्यातलं लग्न उरकून वीरभद्र परभणीला येणार होता. धम्मानंदाची नुसती तारांबळ. "पुण्याचा माणूस हाय, त्याला एसीची सवय," म्हणून त्यानं नवा एसी बसवला. मला खिडकीतून काढून व्हरांड्यात, चपलांशेजारी उभं केलं. मंजुषानं भंगारवाल्या बजरंगला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. धम्मानंदाचं त्याकडं लक्षच नव्हतं. त्याला एकच घोर लागला होता. "राहील का गं तो आज? का चहा पिऊन निघंल?"

वीरभद्र आला, माझ्याशेजारी चप्पल काढली आणि न बघताच आत गेला. दार लागलं, खिडकी लागली, एसी सुरू झाला. काचेपलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं, पण ऐकण्यासारखं त्यात काय होतं?

"प्रवास बरा झाला ना?"

"हो. रस्ता चांगला झालाय आता."

"पोहे घेता का अजून?"

घेता का! ज्याच्या ताटातली भाकर न विचारता उचलायचा, त्याला 'घेता का'! माझा पत्रा न् पत्रा थरथरला. आत सगळं गारेगार आणि चिडीचूप. थोड्या वेळानं दोघांनी आपापले मोबाईल काढले. मग वीरभद्र उठला. "निघावं म्हणतो."

"निघता? बरं," धम्मानंद म्हणाला. त्याचा चेहरा एवढा उतरला होता, की मला बघवेना.

तेवढ्यात लाईट गेली. मे महिन्यातली परभणी ती, दुपारी लाईट न गेली तरच नवल! एसी मुका झाला.

"इन्व्हर्टरवर तो चालत नसतो," मंजुषा म्हणाली. "तो बाहेरचा डबा आणा की आत. उकडायलंय किती!"

डबा तर डबा! दोघांनी मला फरफटत आत नेलं. बादलीनं पाणी ओतलं. ताट्या भिजल्या आणि वाळ्याचा वास सुटला. वीरभद्र थबकून बघायला लागला. बटण दाबलं, तर मी नुसता घुंई घुंई. धम्मानंद टेस्टर शोधायला लागला. वीरभद्र बाहेर गेला, चप्पल घेऊन आला आणि माझ्या डाव्या कुशीत, खोलीवर असताना हाणून हाणून पडलेल्या जुन्या पोचावर, सणकन हाणली.

खडखडखडखड! मी जो सुटलो! मंजुषानं दार सताड उघडलं.

धम्मानंद काहीतरी पुटपुटला.

"काय?" वीरभद्र ओरडला.

"म्हणलं, उन्हाचं कुठं जायलास?"

"ऐकू येत न्हाई!"

"आरं, जाऊ नको म्हणलो, गाढवा!"

वीरभद्र मटकन खाली बसला. "मंग आधी बोलायचं न्हाई का? मघापासून घेता का, निघता का करायलास! मला वाटलं, मी जड झालो तुला."

"आणि मला वाटलं, तू साहेब झालास!"

दोघं ओरडत होते आणि डोळे पुसत होते. उघड्या दारातून शेजारच्या गीताबाई धावत आल्या. त्यांना वाटलं, भांडण लागलं.

वीरभद्र राहिला. सकाळी पूजेला बसला. तेव्हा टक्कल पडलेला, पोट सुटलेला धम्मानंद मांजरीच्या पावलानं आला आणि त्यानं माझं तोंड आपल्याकडं वळवलं. पूजा संपली आणि माझ्या कानावर तोच जुना शब्द पडला. खरं सांगतो, मला भरून आलं.

नंतर बजरंग हातगाडा घेऊन आला. मंजुषानं माझ्याकडं पाहिलं. "ह्याला न्हाई द्यायचं," ती म्हणाली. "ह्याच्याबिगर बोलता येत न्हाई ह्या दोघांला."

आता मी पुढच्या खोलीत असतो. बूड गंजलंय, टाकी गळते. पण पुण्याहून फोन आला आणि धम्मानंद "बरंय, तुमचं कसं" करायला लागला, की पलीकडून आरोळी येते, "कूलर लाव बे आधी!" मग हा उठतो. भर थंडीत, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, तरी मला कोरडाच चालू करतो, दार उघडतो आणि बोंबलायला लागतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, बाबांनो. ताट्या बदलू नका, पंप गेला तरी बसवू नका. गारवा नसला तरी चालंल, आवाज तेवढा राहू द्या.