पाच लिटरच्या आत

गाडीच्या पडद्यावरचा पेट्रोलच्या सरासरीचा आकडा प्रवासाच्या सुरुवातीला चंचल असतो आणि नंतर हट्टी होत जातो. जर्मनीतल्या आमच्या ब्राउनश्वाइगमधून बाहेर पडताना एखाद्या सिग्नललाही तो हलतो. वाटेतल्या कासेलच्या आसपास त्याचा दशांश सरकवायचा, तर बराच वेळ नीट वागावं लागतं.

कासेलच्या अलीकडे तो शंभर किलोमीटरला ५.३ लिटर होता. नागेशला पाचच्या आत हवा होता.

त्यावर आमचं पुढचं ठरायचं होतं. हायडेलबर्गच्या एका संस्थेनं मला बॅटरीच्या प्रयोगशाळेत कायमची जागा देऊ केली होती आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. नागेशच्या कंपनीची शाखा तिथून जवळ, मॅनहाइमला होती. बदली मागितली असती तर मिळालीही असती. पण माझ्या नवऱ्याला जागचं हलायचं नव्हतं. महिनाभर तो नुसतं "बघू" म्हणत होता. मग त्याला तोडगा सुचला. मी आठवडाभर तिकडे खोली घेऊन राहायचं आणि शुक्रवारी गाडीनं घरी यायचं. आमची हायब्रिड शंभर किलोमीटरला पाच लिटरच्या आत गेली, की झालं. संस्था बघायला निघालो होतो, पण त्याच्या दृष्टीनं ही गाडीची चाचणी होती.

मीही "बघू" म्हटलं होतं. मला काय हवंय ते बोलले नव्हते. आकडा पाचच्या वर राहील आणि माझं काम परस्पर होईल, अशी आशा होती.

मागच्या सीटवर सासूबाई होत्या, उन्हाळ्यापुरत्या पुण्याहून आलेल्या.

"नागेश, ती बस आपल्या पुढे गेली रे."

"जाऊ दे, आई. टेम्पोमाट शंभरवर लावलाय. वेग एकसारखा ठेवला की पेट्रोल वाचतं."

"वाचू दे बाबा. पण बसमधल्या एका म्हाताऱ्यानं मला टाटा केला. तान्ह्या मुलांना करतात तसा."

टेम्पोमाटवर वेग ठरवून दिला, की पाय न लावता गाडी तोच धरून ठेवते. सपाट रस्त्यावर उत्तम. पण त्याला पुढचा चढ दिसत नाही. कासेलचे डोंगर सुरू झाले तसा, वेग तसूभरही पडू नये म्हणून इंजिनानं आवाज चढवला. माथा आला आणि नागेशनं गिअरचा दांडा सरळ न्यूट्रलला टाकला.

"कात्रजच्या घाटात बाबा स्कूटर अशीच सोडायचे," तो खुशीत म्हणाला. "एक थेंब लागायचा नाही."

"देवाचं नाव मात्र भरपूर लागायचं," आई म्हणाल्या. "मी मागे डोळे मिटून बसायचे."

"नागेश, न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही," मी म्हणाले. "उतारावर फुकट मिळतंय ते तू सोडून देतोयस."

"पण कशी मस्त घरंगळतेय बघ!"

"घरंगळतेय, आणि वेग वाढला की तू ब्रेक दाबतोयस. त्यानं नुसते ब्रेक तापतायत."

"आल्झो, तर मग बॅटरीवाल्या बाई," तो म्हणाला, "आता तुम्हीच चालवा."

पुढच्या थांब्यावर आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. नागेश कॉफी आणायला गेला आणि मी चालकाच्या जागेवर बसले. आई पुढे वाकल्या. त्यांनाही मी काही सांगितलेलं नव्हतं.

"अगं, जरा जोरात चालव. म्हणजे सुटशील."

"आई, मग तो प्रयोग कसला?"

"बरं. मग तू आणि तुझा प्रयोग, बसा त्या खोलीत दोघंच."

निघाल्यावर उजवा पाय दाबण्याचा मोह दोनदा झाला. तो दाबला गेला नाही. चढावर पाय आहे तसाच ठेवून वेग थोडा पडू दिला, उतारावर दांडा न हलवता पाय उचलला. पडद्यावरचे बाण चाकांकडून बॅटरीकडे वळले. फ्रांकफुर्टनंतर रस्ता सपाट झाला, तेव्हा टेम्पोमाट लावून टाकला.

"पाच पूर्णांक एक!" नागेश धावतं वर्णन करत होता. "शुभदा, पाच!"

"क्रिकेटचा स्कोअरसुद्धा इतक्या वेळा सांगत नाहीत," आई म्हणाल्या.

हायडेलबर्गला नेकार नदीच्या काठी गाडी लावली तेव्हा पडद्यावर ४.९ होतं.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" नागेशनं मांडीवर थाप मारली. "बघ, जमतंय की नाही! दर शुक्रवारी निघायचं, रात्री जेवायला घरी."

"छान," आई म्हणाल्या. "बायको आठवड्यातून एकदा, पण पाच लिटरच्या आत. याच्या बाबांनासुद्धा इतकी काटकसर जमली नव्हती."

नागेश हसला. मग हसायचा थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. गाडी बंद केली की तो पडदाही विझतो, म्हणून मी ती चालूच ठेवली. आकडा बरोबर होता, तो मीच आणला होता, आणि मला जे म्हणायचं होतं ते त्यात कुठेच नव्हतं.

"आकडा बरोबर आहे," मी म्हणाले. "पण मी दर शुक्रवारी येणार नाही, नागेश. मी ही नोकरी घेतेय, आणि आपण दोघांनी इथे राहायला यायचंय."