जीवीबांचा पटारा

महुव्यात त्रिकमशेठसारखा चिकट माणूस दुसरा नव्हता. सावलीत उभं राहणाऱ्याकडूनही त्याने भाडं घेतलं असतं, पण गल्लीतलं एकुलतं झाड त्याच्या मेहुण्याचं होतं. असला माणूस जीवीबांच्या खोलीचं वर्षभर थकलेलं भाडं सोडतो थोडंच! शिवाय त्याच खोलीसाठी त्याने मनसुख हलवायाकडून ठेव घेतली होती, आणि खर्चूनही टाकली होती. संध्याकाळी मनसुख कढया घेऊन यायचा होता.

"जीवीबा, भाडं नाही तर पटारा ठेवा आणि खोली सोडा."

पटारा म्हणजे जीवीबांच्या लग्नातली पेटी. सागवानी, पितळेने मढवलेली, खाली चार चाकं. आत म्हैस बांधली तरी बाहेरून कळू नये.

"ने की. मी कुठे अडवते?" म्हणून जीवीबा ओट्यावर जाऊन बसल्या.

हमाली वाचवायला त्रिकमने आतून स्वतःच जोर लावला. पटारा गडगडत दाराशी आला, पुढची चाकं पायरीवर धपकन उतरली आणि बाटलीला बूच बसावं तसा तो चौकटीत बसला. मागे ओढला तर हलेना. खोलीला खिडकी नव्हती. तो खर्च त्रिकमच्या बापाने वाचवला होता.

"जीवीबा, हा आत आला कसा?" वरच्या फटीतून त्रिकमचा आवाज आला.

"आलाच नाही, बेटा. तो इथेच उभा होता. तुझ्या बापाने त्याच्याभोवती खोली बांधली."

गल्ली जमली. मनसुखची हातगाडीही आली.

"शेठ, मी रिकामी खोली घेतली होती. हिच्यात तर तुम्ही राहता."

"धक्का मारा रे कुणीतरी!"

कुणी हललं नाही. सगळे जीवीबांकडे बघत होते. त्यांनी बशीत चहा ओतला आणि फटीतून आत सरकवला.

"आधी चहा पी. मग सांग, मागचं भाडं?"

आत काळोख, घामाच्या धारा. चौकट फोडावी तर भिंत खाली येणार, पटारा फोडावा तर भाड्यापोटी सरपण मिळणार.

"खोडियारमाँची आण, सोडलं."

"आणि खोली?"

बराच वेळ नुसता चहाचा भुरका ऐकू आला.

"राहा."

मग सहा जणांनी पटारा उचलून आत लोटला. त्रिकम डोळे चोळत बाहेर आला, तर मनसुख हात पसरून उभा.

"शेठ, माझी ठेव?"

ठेव कुठली द्यायची? तेव्हापासून त्रिकमच्या बैठकीत मनसुख जिलेब्या तळतो, आणि धुराला कंटाळलेला त्रिकम जीवीबांच्या ओट्यावर झोपतो. जीवीबा रोज रात्री त्याला बाजरीचा रोटला देतात आणि न चुकता म्हणतात, "झोप बाबा, झोप. पण ओटा माझ्या खोलीत धरलेला आहे हं, भाडं थकतंय."