कडूबाईची घोंगडी

मी एक काळी घोंगडी. अंगाला टोचते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून तक्रार नको. सोलापुरी चादरीसारखी लाडीगोडी मला जमत नाही. पण थंडीत, पावसात आणि देवापुढं बसताना माझ्याइतकी इमानी सोबत दुसरी नाही, असं नळदुर्गाकडची जुनी माणसं अजून म्हणतात.

माझा जन्म नेमका कधीचा, ते मला सांगता येत नाही. मेंढ्यांच्या पाठीवर होते तेव्हाचंही थोडंथोडं आठवतं. बोरी नदीचा काठ, माळावरचं कोवळं ऊन, कुठल्याशा मेंढीच्या गळ्यातली घंटी. मग कातर आली आणि त्या सगळ्या मेंढ्या माझ्यात एक झाल्या. अणदूरजवळच्या महांतप्पानं मला मागावर विणलं. विणता विणता तो कानडीत काहीतरी गुणगुणायचा. चिंचोक्याची खळ देऊन त्यानं मला उन्हात ताणून वाळत घातलं, तेव्हा त्या आंबूस वासानं मला जी गुंगी आली ती अजून पुरती उतरलेली नाही. म्हणून माझ्या बोलण्यात कुठं स्वप्नाची आणि खऱ्याची सरमिसळ झाली, तर चालवून घ्या.

बलभीमनं मला बाजारातून खांद्यावर टाकून घरी आणलं. बलभीम म्हणजे कडूबाईचा नवरा. त्याच्या वडिलांच्या काळात घरानं ख्रिस्ती धर्म घेतला होता. रविवारी सकाळी वस्तीतली थोडी माणसं त्याच्या अंगणात प्रार्थनेला जमत आणि त्यांच्या गुडघ्यांखाली मला अंथरलं जाई. बलभीमची प्रार्थना सुरू झाली की लांबतच जायची. मध्येच त्याला डुलकी लागायची, मग कडूबाई त्याला कोपरानं ढोसायची. तिचं स्वतःचं देवाशी तेव्हा काही बोलणं नव्हतं. सासरचा देव तो आपला देव, एवढाच तिचा हिशेब. डोळे मिटून ती चुलीवरच्या कालवणाचा विचार करत असे. मला ते गुडघ्यांवरून कळायचं. ज्याचं मन तिथं नसतं, त्याचे गुडघे सारखी जागा बदलतात.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला आणि कडूबाईचे गुडघे एका जागी स्थिर झाले. आता तिला देवाशी काम होतं. पाणी दे, एवढंच ती मागायची.

पाण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वस्तीला स्वतःची विहीर नव्हती. गावच्या विहिरीवर वस्तीतल्या बायांनी चढायचं नाही, खाली उभं राहायचं, आणि वरून कुणी ओतेल तेवढं घ्यायचं, अशी तिथली रीत. आबाराव म्हणून गावात एक मोठे शेतकरी होते. त्यांची बायको मालनबाई. ती कडूबाईला पाणी वाढायची, पण घागरीला घागर लागू नये म्हणून हात उंच धरून. निम्मं पाणी घागरीत, निम्मं कडूबाईच्या पायांवर. मालनबाई वाईट होती असं नाही. तिच्या सासूनं तिला तसंच शिकवलं होतं. पण ओल्या पायांनी घरी येऊन कडूबाई माझ्यावर बसायची तेव्हा तिच्या अंगाची आग मला जाणवायची.

त्या हिवाळ्यात धुरपदाबाई येऊ लागल्या. या विधवा बाई गावोगाव हिंडून बायकांना शास्त्र शिकवायच्या. पिशवीत बायबल, पायांत झिजलेल्या चपला आणि आवाज असा, की ऐकताना माझी लोकर पुन्हा माळावर जाऊन पोचायची. एका दुपारी वस्तीच्या मोकळ्या जागेत मला अंथरून त्यांनी विहिरीची गोष्ट काढली. प्रभू येशू दमून एका विहिरीपाशी बसला होता. भर दुपारी एक शोमरोनी बाई एकटीच पाणी भरायला आली. तिच्या लोकांशी त्याचे लोक कसलाही व्यवहार ठेवत नसत, तिच्या भांड्यातलं पाणी पिणं तर दूरच. आणि त्यानं तिलाच पाणी मागितलं.

कडूबाईनं त्यांना तिथंच थांबवलं. त्यानं स्वतःहून मागितलं का, असं तिनं पुन्हा विचारून घेतलं. बाई हसून हो म्हणाल्या आणि पुढं सांगू लागल्या, की त्यानं तिला जिवंत पाणी देऊ केलं, जे मिळालं की पुन्हा तहान लागत नाही. एवढ्यात फाट्यावर बसचा भोंगा वाजला. नळदुर्गाची ती शेवटची बस. गोष्ट अर्ध्यात सोडून बाई धावत सुटल्या.

आता आमच्याकडं जिवंत पाणी म्हणजे काय, हे कुणालाही विचारा. विहीर खणताना खडकातून जो झरा फुटतो आणि उन्हाळ्यातही आटत नाही, ते जिवंत पाणी. कडूबाईनं तेच धरलं. संध्याकाळपर्यंत तिनं घरोघर जाऊन सांगितलं, की शास्त्रात लिहिलंय, आपल्याला जिवंत पाणी लागणार आहे. कुठं, असं लोकांनी विचारलं. तेव्हा तिनं मला जिथं अंथरलं होतं ती जागा दाखवली.

तहानलेल्या माणसाला कुणीतरी ठामपणे बोलणारं लागतं. वस्तीत ख्रिस्ती घरं थोडी, बौद्ध घरं जास्त. पण कुदळ धरताना कुणी धर्म पाहिला नाही. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि परत आल्यावर विहिरीत उतरायचं. कडूबाई काठावर मला टाकून गुडघे टेकायची. मी अर्धवट झोपेत ऐकायची, खालून कुदळीचा ठोका आणि वरून तिचं पुटपुटणं. एकदा मला वाटलं, ती बोलतेय तोच ठोका आहे. आधी माती निघाली, मग मुरूम, मग काळा पाषाण. पाषाणावर पहारी बोथट झाल्या, पण ओलसुद्धा दिसेना. शेवटी शेजारचा पिराजी घाम पुसत वर आला आणि म्हणाला, "वैनी, तुमच्या शास्त्रात ह्या दगडाचं काय लिवलंय?"

तो चेष्टेनंच बोलला, मनात काही नव्हतं. पण सगळे हसले, आणि बलभीमही हसला. त्या दिवसापासून लोक तिला पाणाडी म्हणू लागले. कुठं पाणी आहे ते सांगणारा तो पाणाड्या, आणि ही त्याची मोडकी आवृत्ती. कडूबाईनं मला घडी घालून कोपऱ्यात टाकलं. पुढं खडीच्या कामावर चार काठ्यांना बांधून सावली करायला मी तिला उपयोगी पडले, पण गुडघ्यांखाली तिनं मला घेतलं नाही. रविवारी माणसं जमली की ती सरपणाला निघून जायची. मला लई वाईट वाटलं. टोचणाऱ्या वस्तूलाही वाईट वाटतं.

पुढच्या खेपेला धुरपदाबाई आल्या तेव्हा कडूबाई बाहेर आली नाही. बाईच आत गेल्या आणि कोपऱ्यातली माझी घडी ओढून तिच्यावर बसल्या. सगळी हकीकत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मग पिशवीतून शास्त्र काढलं आणि उरलेली गोष्ट वाचली. त्या विहिरीवरच्या बाईलाही हेच वाटलं होतं. तिनंही म्हटलं होतं, की ते पाणी मलाच दे, म्हणजे रोजची खेप वाचेल.

"ती बी फसली म्हणायची," कडूबाई म्हणाली.

बाई म्हणाल्या, फसली नाही, कळायला वेळ लागला. तो झरा जमिनीत लागत नाही, माणसाच्या आत लागतो, आणि एकदा लागला की बाहेर वाहतो.

कडूबाईनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग म्हणाली, "बाई, माज्या तर आतबी काळा पाषाणच लागलाय. ती मालकीण वरून पानी वतती तवा मला काय काय वाटतं, तुमाला सांगायची लाज वाटती."

"मग खणत राहू की," बाई म्हणाल्या. "रोज थोडं. काही मागू नको. नुसती बसत जा त्याच्यापाशी."

कडूबाईनं मान हलवली आणि मग मध्येच विचारलं, "पर बाई, त्यो पानी प्याला का न्हाय?"

बाईंनी पुन्हा पान उघडलं. ओळींवरून बोट फिरवलं. त्या बाईनं घागर तिथंच टाकली आणि ती गावात पळाली, एवढं होतं. तो प्याला, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. बाईंनी शास्त्र मिटलं आणि, मलाही ठाऊक नाही, आपण दोघी त्यालाच विचारू, असं म्हणून माझी घडी उलगडली. दोघींनी माझ्यावर शेजारी शेजारी गुडघे टेकले. डोळे मिटले. मला त्या शांततेत मेंढीच्या गळ्यातली घंटी ऐकू आली. खरंच वाजली की माझ्या गुंगीत, ते मी सांगू शकत नाही.

तेव्हापासून कडूबाई रोज बसू लागली. कधी चिडून बसायची, कधी नुसती जांभया द्यायची. तरी बसायची.

उन्हाळा चढला आणि गावची विहीरही आटली. कामावर आता गावातली मोठी घरंसुद्धा येऊ लागली. आबारावांच्या शेतात कुसळ उगवलं नव्हतं. मालनबाई पदर तोंडावर ओढून खडी फोडायला बसायची आणि कुणाशी बोलायची नाही. एका दिवशी पाण्याचा टँकर आलाच नाही. दुपारी रस्ता तव्यासारखा तापला. मी चार काठ्यांवर ताणलेली होते आणि माझ्या सावलीत कडूबाईनं जपून ठेवलेला पाण्याचा एक तांब्या होता.

मालनबाई उठली, दोन पावलं चालली आणि माझ्या सावलीत येऊन खालीच बसली. तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या.

"कडू, पानी," ती म्हणाली.

हातोड्यांचे आवाज थांबले. सगळी वस्ती बघत होती, सगळा गाव बघत होता. कडूबाई तांब्या घेऊन उभी राहिली. मालनबाईनं खाली बसल्या बसल्या ओंजळ पुढं केली. हे पाहून माझा धागा न् धागा ताठ झाला. एवढे दिवस जी खाली उभी होती ती आज वर होती आणि जी वर होती ती खाली. कडूबाईचा हात उंच उंच गेला, पार मला टेकला. तिथून धार धरली असती तर कुणी तिला नाव ठेवलं नसतं. मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा, वत वरूनच, कळू दे जरा. तिचा हात तिथंच अडला. मला कळत होतं, की आता धार पडली तर हिचा पाषाण पुन्हा फुटायचा नाही.

हात खाली आला. कडूबाई मालनबाईच्या समोर मांडी घालून बसली.

"ओंजळ सोडा, मालकीण," ती म्हणाली. "तांब्या घ्या. तोंड लावून प्या."

मालनबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग गावच्या माणसांकडं पाहिलं. तांब्या हातात घेतला, जरा थांबली आणि तोंड लावून घटाघटा प्यायली. तळाचा थेंबसुद्धा ठेवला नाही. कडूबाईला त्या दिवशी प्यायला काही उरलं नाही. गावात त्यावरून पुष्कळ कुजबूज झाली. मालनबाईच्या सासूनं आठवडाभर तिच्याशी अबोला धरला. पण दिवेलागणीला कडूबाई माझ्यावर आली तेव्हा तिचे गुडघे इतके हलके होते, की मला आधी कळलंच नाही ती बसलीय ते.

वस्तीनं खणलेल्या त्या विहिरीला जिवंत पाणी आजतागायत लागलेलं नाही, हेही सांगायला हवं. पाऊस झाला की ती भरते आणि होळीपर्यंत आटते. पुढं गावात दूध संस्था निघाली. बलभीमनं गाय घेतली, आणि मला ओलं करून दुधाच्या कॅनांवर टाकायला लागले, दूध नासू नये म्हणून. तशीही काही वर्षं काढली. आता धुरपदाबाई नाहीत, बलभीमही गेला. घरात सून आली, तिच्या चादरी आल्या, आणि मी टोचते म्हणून मला कुणी अंगावर घेत नाही. माझ्या मधोमध दोन भोकं पडली आहेत. ती कशानं पडली, ते सुनेला ठाऊक नाही.

पण संध्याकाळी संस्थेत दूध घालून परतताना मालनबाई या दारात थांबते. दोघी आता म्हाताऱ्या झाल्या. मालनबाईच्या घरी नळ आलाय, तरी ती पाणी इथं पिते, आणि माझ्यावर टेकून बसते. परवा तिनं विचारलं, "कडू, तू रोज डोळं मिटून तुज्या देवाला काय मागतीस गं एवढं?"

कडूबाई पाय चोळत म्हणाली, "आदी पानी मागत हुते. आता त्यालाच पानी विचारते."

मालनबाई हसली नाही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला.

सूनबाई, एवढंच मागणं आहे. मी विरले, फाटले, मला वास येतो, सगळं कबूल. पण अजून मला उकिरड्यावर टाकू नका. दोन म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसतील, एवढी जागा माझ्यात शिल्लक आहे.