भिंगावरची वाफ

मित्रांनो, ज्यांचं नाक सुरळीत चालतं त्यांना माझी ओळख असण्याचं काही कारण नाही. मी नाक-कान-घशाच्या दवाखान्यातला एक जुना लेझर आहे. दुसऱ्याच्या नाकात डोकावणं हाच माझा धंदा, आणि त्याचा मला कधी कमीपणा वाटला नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढऱ्या डगल्यातल्या माणसांनी मला उलटंसुलटं तपासलं, थर्माकोलमध्ये घट्ट बसवलं आणि खोक्यात बंद केलं. खोक्यावर 'जपून हाताळा' असं छापलं होतं. माझ्याविषयीचा तेवढाच प्रेमळ मजकूर आजवर कुणी लिहिला आहे.

दवाखान्यात मात्र माझं कौतुक झालं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बोट दाखवून पेशंटला सांगत, "नाकात दोन्ही बाजूंना मऊ मांसाच्या घड्या असतात. ॲलर्जी असली की त्या फुगतात आणि वाट अडवतात. हा त्यांना जरा आकसवतो." मग बधिर करणाऱ्या औषधाचे बोळे नाकात ठेवले जात, माझी बारीक काचेची तार आत जाई आणि थोड्या वेळात पेशंट विचारी, "काहीतरी जळतंय का हो?"

"तुमचंच," सिस्टर शांतपणे सांगत.

पण माझं काम सुरू झालं की खोलीतला प्रत्येक माणूस डोळ्यांवर रंगीत चष्मा चढवायचा. पेशंटसुद्धा. नियमच तसा. माझ्या ऐन कर्तबगारीच्या वेळी माझ्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायची कुणालाही परवानगी नव्हती. बघून उपयोगही नव्हता म्हणा. दिसायचा तो फक्त नेम धरायचा लाल ठिपका. काम करणारा माझा उजेड माणसाच्या डोळ्यांना दिसतच नाही. काम आटोपलं की पेशंट डॉक्टरीणबाईंचे आभार मानायचा, सिस्टरचे मानायचा. एकाने तर खुर्चीचेही मानले. मला वाईट वाटलं नाही, असं म्हणायची पद्धत आहे.

शिवाय बरा झालेला माणूस नाकाच्या दवाखान्यात पुन्हा कशाला येईल? माझ्या सगळ्या ओळखी बंद नाकांशी. त्यांचं पुढे काय झालं, हे मला कधीच कळलं नाही.

अशात एक घड्याळजी आले. तोंड उघडं, डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ. सोबत बायको.

"कामाला वाकलो की श्वास तोंडाने, आणि सगळी वाफ भिंगावर," ते गेंगाण्या आवाजात म्हणाले. "पुसेपर्यंत स्क्रू कुठे गेला, पत्ता लागत नाही."

"परवा चहात सापडला," काकू म्हणाल्या. "माझ्या."

घड्याळजी हसले नाहीत. "धाकटा भाऊ मागे लागलाय. म्हणतो, दादा, तुझ्याच्यानं आता होत नाही, दुकानात मोबाइलची कव्हरं लावू. मला दुसरं काही येत नाही हो, डॉक्टर."

नुसत्या स्प्रेने त्यांना पुरेसा फरक पडला नव्हता. "लेझर वाट मोकळी करेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ॲलर्जी नेणार नाही. स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं चालूच ठेवायचं. जुनी घड्याळं उघडताना मास्क लावायचा."

घड्याळजींनी मान डोलावली. मान डोलावण्याचा आणि ऐकण्याचा संबंध असतोच असं नाही.

मी जीव ओतून काम केलं. म्हणजे बटण दाबलं तेवढंच केलं, पण जीव ओतून. खपल्या पडून गेल्यावर ते तपासायला आले, ते तोंड मिटून. मला धन्य वाटलं.

त्यानंतर दवाखान्यात नवा लेझर आला. सुटकेसएवढा, देखणा. मला तपासणीच्या खोलीत कोपऱ्यात ढकललं आणि वर चादर टाकली. माझी तार गुंडाळून कुठे ठेवली, ते मला सांगण्याची कुणाला गरज वाटली नाही.

आणि एक दिवस चादरीबाहेरून ओळखीचा आवाज आला. गेंगाणा.

"लेझर फुकट गेला. पुन्हा मारा."

वीज नसतानाही माझ्या आत धस्स झालं.

डॉक्टरीणबाईंनी नाकात पाहिलं. "स्प्रे घेता?"

"तो कशाला? दुरुस्ती झाली होती ना!"

"नाक धुता?"

घड्याळजी नुसते खाकरले.

"आणि मास्क?"

"मास्क लावला तर फुंकर कशी मारणार?"

"अहो," काकू मध्ये पडल्या, "घड्याळ बंद पडलं म्हणून गिऱ्हाईक भांडायला आलं की तुम्ही पहिलं काय विचारता?"

घड्याळजी पुटपुटले, "रोज किल्ली देत होतात का, म्हणून."

"मग?"



"नाही दिली," ते म्हणाले.

"वाट अजून मोकळी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर धुळीची सूज आलीय. लेझर नको. सांगितलंय तेवढं रोज करा." माझं काम बिघडलं नव्हतं, याचं मला बरं वाटलं. माझी गरज नव्हती, याचं वाईट वाटलं. चादरीखाली दोन्ही एकट्यानेच वाटून घेतलं.

घड्याळजी पुन्हा आले नाहीत. बरे झाले, की कव्हरं विकायला बसले? चादरीला विचारून काय कळणार?

मग एका सकाळी काकूच आल्या, कान दुखतो म्हणून. सिस्टरनी विचारलं, "काका कसे आहेत?"

"रोज उठून नाक धुतात. स्प्रे मारतात. फुंकर सोडून धूळ उडवायला हवा मारायचा रबरी फुगा घेतलाय, तोही मास्क लावून. आणि मग भिंग लावून बसतात तोंड मिटून, तासन्‌तास. मी बोलते आणि ते हं म्हणतात. तेही नाकातून!"

"आणि दिरांची कव्हरं?"

"त्यांनी समोर टपरी टाकलीय. हातातलं घड्याळ बंद पडलं की येतात मुकाट्यानं दादाकडेच." काकूंनी पिशवी माझ्या डोक्यावर ठेवली. "जरा इथे राहू दे हं. गिऱ्हाइकाचं टेबलावरचं घड्याळ आहे, पोचवायचंय. कालच चालू झालंय."

मित्रांनो, दुरुस्त झालेल्या वस्तूकडे पाठ फिरवू नका. नाकाकडे तर नाहीच. आणि कुठे बरे झालात, तर एकदा तिथे जाऊन तसं सांगून या. डॉक्टरांनाच सांगा, हरकत नाही. कोपऱ्यातल्यांना ऐकू येतं.

काकूंचा कान तपासून होईपर्यंत ते घड्याळ माझ्या डोक्यावर टिकटिकत होतं. मध्ये पिशवी होती, चादर होती. तरी प्रत्येक ठोका मला लागत होता.