आतली कड

माझा स्वभाव खडूस आहे, हे मला कोणी सांगायची गरज नाही. तीस वर्षं मी गाड्यांची चाकं सरळ करतोय. अलाइनमेंटच्या मशीनवर आकडे हिरवे झाल्याशिवाय माझ्या गॅरेजमधून एक गाडी बाहेर पडलेली नाही. एक सोडून.

ती जावयाची. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी गाडीच्या चांगल्या स्प्रिंगा काढून बुटक्या बसवून आणल्या. गाडी खाली बसली, ऐटबाज दिसायला लागली. मशीनवर घेतली तर पुढची दोन्ही चाकं वरून आत झुकलेली आणि तोंडं बाहेर फाकलेली. सगळे आकडे लाल.

"जावईबापू, हे खूळ कोणी घातलं डोक्यात?"

"बाबा, तुमच्या काळात नव्हतं हे," ते हसून म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तुमच्या काळात म्हणे. ते बाहेर फोनवर बोलत उभे होते. मी पाना हातात घेतला, परत ठेवला आणि गाडी खाली उतरवली. "झाली सरळ, घेऊन जा," म्हटलं. एक नट फिरवला नव्हता. चाकं अशी राहिली की टायर आतल्या कडेला झिजतो, बाहेरून नवाच दिसतो. म्हटलं, दोन महिन्यांत टायरांची वाट लागेल, मग येतील तोंड पाडून. त्यांची खोड मोडायची होती, एवढंच. आणि नंतर मी ते चक्क विसरून गेलो.

आज सकाळी ते मित्राच्या गाडीतून एक टायर घेऊन आले. "काल पुढचं डावं पंक्चर झालं, स्टेपनी लावलीये. हे बघता का जरा?"

मी सवयीनं आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाला तार टोचली. रबर संपलं होतं, पोलादी तारा बाहेर आल्या होत्या.

"उजवं?"

"ते ठीक आहे, नवंकोरं दिसतंय."

"गाडी कुठंय?"

"ही घेऊन गेलीये. टिकलीला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचंय ना. तासभर झाला निघून."

ही म्हणजे माझी मुलगी. टिकली माझी नात, चार वर्षांची. दवाखाना दीडशे किलोमीटरवर, सगळा हायवे. मी टायर उलटा करून त्यांना दाखवला. ते पांढरेफटक पडले. मी त्यांच्या हातात एका गिऱ्हाइकाच्या गाडीची किल्ली कोंबली. "तुम्ही मागे निघा. मी फोन लावत राहतो."

रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. उचलणार कसा? गाडी चालवताना फोन मागच्या सीटवर, पिशवीत. हा नियम मीच घातला होता, गाडी शिकवताना. एकदा तिनं सिग्नलला फोन घेतला तर आठवडाभर मी तिच्याशी बोललो नव्हतो. आता म्हणत होतो, बाई, आजच्या दिवस मोड तो नियम.

मी पुन्हा लावला. पुन्हा. लिफ्टवर दुसरी गाडी लटकत होती, तिच्या चाकाकडे बघवेना. शंभरच्या वेगात पुढचं चाक फुटलं की स्टीअरिंग हातातून कसं हिसकावलं जातं, हे मला माहीत आहे. तशा गाड्या आणतात आमच्याकडे, टेम्पोवर घालून.

मग एकाएकी रिंग थांबली आणि फोन व्यस्त लागला. म्हणजे फोन कोणाच्या तरी हातात होता. कोणाच्या? पोलिसांच्या? रस्त्यावरच्या कोणा माणसाच्या, जो पिशवीतून फोन काढून घरच्यांचा नंबर शोधतोय? मी वेड्यासारखा लावत सुटलो. दर वेळी व्यस्त. थोड्या वेळानं बंदच लागला. मी जमिनीवर बसलो. नुसती भीती, दुसरं काही नाही.

तास होऊन गेला असेल. गाडी दारात येऊन कचकन थांबली. मुलगी उतरून धावत आली आणि तिनं माझे दोन्ही दंड धरले.

"बाबा, काय होतंय तुम्हाला? टिकलीला शूला न्यायला थांबले तर तुमचे सतरा मिस्ड कॉल. लावतेय तर सारखा व्यस्त, मग माझा फोनच बंद पडला. मला वाटलं, छातीत दुखलं तुमच्या. तशीच मागे फिरले."

मी तिला सतत लावत होतो आणि ती मला. जावईबापू हायवेवर तिला चुकले असणार.

टिकली मागे झोपली होती, तोंड उघडं टाकून. मी उजव्या चाकाशी गुडघे टेकले आणि आत हात घातला. सगळीकडे तारा. एका जागी लिंबाएवढा फुगा आला होता, हाताला गरम लागत होता.

"किती स्पीडनं आलीस?"

"एकशेवीसच्या खाली आणलीच नाही."

"एवढी सुसाट?"

"तुमच्या हातची अलाइनमेंट आहे, बाबा. दुसऱ्या कोणाची असती तर ऐंशीच्या वर नेली नसती."

माझा हात अजून चाकाच्या आतच होता.

"मी ती केलीच नव्हती," मी म्हटलं.

ती हसली. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.