फेकलेले दोन राजे

व्हर्ना हासेकने लास वेगासच्या एकाच कॅसिनोत बावीस वर्षं पत्ते वाटले. मोठ्या पोकर स्पर्धेचं शेवटचं टेबल, जिथे नऊच खेळाडू उरतात आणि कॅमेरे लागतात, तिथेही तिने अकरा वेळा वाटले. वाटणाऱ्याला त्या टेबलावर कोणी माणसात धरत नाही. हरलं की पत्ते त्याच्या अंगावर भिरकवायचे, जिंकलं की एखादी चिप सरकवायची, तोंडाकडे बघायचं नाही. मनगटं कामातून गेल्यावर तिने नोकरी सोडली आणि ठरवलं, एकदा तरी त्या टेबलाला खेळाडू म्हणून बसायचं. सहा उन्हाळे तिने त्यासाठी घातले होते.

आज दहा जण उरले होते, दोन टेबलांवर पाच-पाच. आणखी एक बाहेर गेला की बाकीचे नऊ तिथे.

तिच्या समोर ब्रॉडी केसलर बसला होता. वय तिशीच्या आत, छपराखाली बसूनही डोळ्यांवर काळा चष्मा. सकाळपासून तो वाटणाऱ्या तुयेतला चुटक्या वाजवून हाक मारत होता आणि हरलेले पत्ते मुद्दाम तिच्या बोटांवर आपटत होता. तुयेतला हे काम व्हर्नानेच शिकवलं होतं. दर वेळी पत्ते आपटले की व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

चारच्या सुमाराला तिच्या हाती दोन राजे आले, किल्वरचा आणि चौकटचा. टेबलावर उघडलेल्या पाच पत्त्यांत इस्पिकचा राजाही निघाला. तीन राजे! पण त्या पाचांत तीन बदामाचे होते. कुणाच्या हातात आणखी दोन बदाम असले तर फ्लश, म्हणजे एका रंगाचे पाच पत्ते. तिला हरवणारं तेवढंच होतं.

ब्रॉडीने चिपा मोजून पुढे सरकवल्या. तेवढ्याच तिने भरल्या असत्या तर तिच्यापुढे तीन उरल्या असत्या. सगळ्या का नाही मागितल्या? हा मला चिल्लर ठेवून भीक घालतोय, असं तिला वाटलं आणि डोकं फिरलं. तिने भरल्या.

"फ्लश," ब्रॉडी पत्ते पालथेच ठेवून म्हणाला. "सॉरी हं, आजीबाई."

त्या ‘आजीबाई’ शब्दाने घात केला. व्हर्नाने पत्ते तुयेतकडे भिरकावले, अगदी त्याच्यासारखेच. तुयेतने शिकवल्याप्रमाणे ते उचलले आणि एका झटक्यात बाद पत्त्यांच्या ढिगात आत सारले.

मग ब्रॉडीने आपले पत्ते उघडले. बदामाचा एक्का आणि चौकटची अठ्ठी. फ्लश नाही, जोडीसुद्धा नाही.

"अरेच्चा, अठ्ठी चौकटची निघाली की," तो म्हणाला. "या चष्म्यातून लाल लाल सगळं सारखंच दिसतं हो."

व्हर्नाने त्याची अठ्ठी पुन्हा एकदा पाहिली. मग सगळं एकदम कळलं. सगळ्या चिपा लागल्या की नियमाने दोघांचे पत्ते उघडे पडतात, तिथे खोटं बोलायला जागाच नसते. म्हणून त्या तीन चिपा. नालायकाने भीक घातली नव्हती, सापळा लावला होता. तोंडाने काय म्हटलं याला खेळात किंमत नाही, उघड्या पत्त्यांना आहे. नव्या वाटणाऱ्यांना ती हे पहिल्याच दिवशी घोकून घ्यायची.

देखरेख करणारा ग्रेडी आला. सगळं ऐकून त्याने ब्रॉडीला ताकीद दिली. ताकीद! हेतू सिद्ध करता येत नाही म्हणाला. मग तुयेतला विचारलं, की बाईंचे पत्ते ढिगात नेमके कुठले ते खात्रीने दाखवता येतील का. दाखवता आले तर डाव जिवंत, नाहीतर तिचे पत्ते बाद.

तुयेतने व्हर्नाकडे पाहिलं. "वरचे दोन," ती म्हणाली.

खोटं होतं. पत्ते मधे गेलेले व्हर्नाने डोळ्यांनी पाहिले होते. वरचे दोन उलटले आणि राजे नसले तर या पोरीची नोकरी आजच जाणार, उद्यापासून गावातला एकही कॅसिनो तिला दारात उभं करणार नाही.

"मधे घातलेत तिने," व्हर्ना म्हणाली. "हात लावू नकोस ढिगाला, ग्रेडी."

"काय दिलदारी," ब्रॉडी म्हणाला.

"तुझ्यासाठी नाही केलं, भामट्या."

पुढच्याच डावात उरलेल्या तीन चिपा गेल्या. ब्रॉडीने हात पुढे केला, तो तसाच हवेत राहिला.

बाहेरच्या पॅसेजमध्ये तुयेत रडत मागे आली. मी जरा थांबले असते तर, मिस व्हर्ना, असं काहीतरी ती पुटपुटत होती.

"थांबली असतीस तर तुलाच झापलं असतं," व्हर्ना म्हणाली. "तू तुझं काम केलंस. खेळाडूच्या तोंडाकडे नको, पत्त्यांकडे बघा, हे तुम्हाला मीच ओरडून सांगितलं ना? आणि मी ऐकलं कोणाचं? त्या हलकटाचं."

तेवढ्यात ग्रेडीने तुयेतला हाक मारली. शेवटच्या टेबलावर पहिला अर्धा तास तिनेच वाटायचं होतं.

"जा," व्हर्ना म्हणाली. "त्याने पत्ते आपटले की ग्रेडीला बोलव. दर वेळी बोलव. लाजू नकोस."

तुयेत डोळे पुसत गेली. व्हर्ना मागोमाग शेवटच्या टेबलाभोवती बांधलेल्या दोरीपर्यंत आली. आत दिवे लागले होते, नऊ जण आपापल्या खुर्च्या शोधत होते, ब्रॉडी हसत कॅमेऱ्याकडे बघत होता. दोरीजवळच्या रक्षकाने तिच्या गळ्यातलं खेळाडूचं ओळखपत्र पाहिलं आणि दोरीचा आकडा काढत अदबीने विचारलं, आत बसणाऱ्यांपैकी का मॅडम?

"नाही," व्हर्ना दात खाऊन म्हणाली, आणि त्याने दोरी पुन्हा अडकवली.