भिंतीवरचा क्लच

मोटार शिकवण्यात मास्तरांची एकतीस वर्षं गेली. शिकाऊ गाडीत ते कायम शेजारच्या सीटवर, पायाशी जादा ब्रेक. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण स्वतः स्टिअरिंग धरून लांब असे कुठे गेलोच नाही. आता जायचं म्हटलं तर सोबत कोणी नव्हतं. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेली होती, सहा महिन्यांच्या बोलीवर. नातू चालायला लागला, तरी ती तिकडेच होती.

सोबतीला म्हणावं तर क्लच होता. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात हा पांढरा, एका कानाने काळा कुत्रा उघड्या दारातून शिकाऊ गाडीत शिरला आणि पेडलपाशी अंगाचं मुटकुळं करून झोपला. काही केल्या पायाखालून निघेना, म्हणून नाव क्लच. मास्तर त्याला घरी घेऊन गेले खरे, पण बायकोला सांगायची छाती झाली नाही. घरात जनावर नको, हा तिचा लग्नापासूनचा नियम. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा, तेव्हा क्लच बिस्किटं घेऊन न्हाणीघरात. एकदा तो आतून भुंकला, तर मास्तरांनी शेजाऱ्यांवर ढकललं. असे अकरा महिने निघाले.

शेवटी क्लचला घेऊन ते ज्या शहराला निघाले, त्याचं नाव त्यांनी एका शिकाऊकडून ऐकलं होतं. तो व्हायोलिनं बनवायचा. प्रत्येक सिग्नलला आपल्या शहराचं कौतुक सांगत बसायचा आणि दिवा हिरवा झालेला त्याला दिसायचा नाही. परीक्षेत दोनदा नापास झाला. त्याच्या शहरात म्हणे दर दुसऱ्या गल्लीत काहीतरी बघण्यासारखं असतं.

दोन दिवस गाडी चालवून ते पोहोचले. लॉजवाल्या बाईंनी कुत्र्यासकट खोली दिली, एवढंच काय ते मनासारखं झालं. संग्रहालयाच्या दारावरच घोडं अडलं. कुत्र्याला प्रवेश नाही. त्याला बाहेर बांधून जा, असं तिकिटवाल्याने सुचवलं, पण क्लचने नुसतं वर पाहिलं आणि मास्तरांचा पाय निघेना. नाट्यगृहात तेच, चित्रदालनात तेच. मग दोघांनी शहर बाहेरूनच बघायला घेतलं. संग्रहालयाच्या मागच्या अंगणात लाकडी खोक्यांत भुशात रुतवलेले पुतळे होते, त्यातल्या एकाचा नुसता पंजा बाहेर आला होता. संगीतशाळेच्या तळघराची खिडकी फुटपाथला लागून होती. आत कोणी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होतं, दर वेळी त्याच जागी चुकत होतं. मास्तर तिथे बराच वेळ उभे राहिले. चुकणाऱ्यांपाशी थांबायची सवयच होती त्यांना. छान आहे, असं कोणाला तरी म्हणावंसं वाटलं, आणि ते क्लचला म्हणाले.

तिसऱ्या दिवशी एका बंद गिरणीच्या लांबलचक भिंतीपाशी एका बाईंनी त्यांना हाक मारली. बाई भिंतीवरून दोरांनी सोडलेल्या पाळण्यात उभ्या होत्या, हातभर रंग लागलेला. भिंतीवर बसथांब्यावर उभी असलेली माणसं काढली होती, एकेक दोन मजले उंच. त्या खाली उतरल्या आणि क्लचला निरखत म्हणाल्या की रांगेच्या टोकाला जागा रिकामी दिसतेय, तिथे हा शोभेल. दोन तास बसेल का?

मास्तरांनी त्याला बसवलं. उन्हात गुडघे मोडून, पट्टा धरून, बिस्किटाचे तुकडे पुरवत. बाई चित्र काढत राहिल्या. आधी कान आला, मग नाक, मग ती नेहमीची बघण्याची पद्धत. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी सहज विचारून टाकलं, "याच्याजवळ मी उभा राहिलो तर?"

बाई संकोचल्या. "काका, माणसं सातच ठरलीत हो. आराखडा मंजूर झालाय. कुत्र्याचं कोणी काही म्हणणार नाही."

"नाही, नाही, सहज विचारलं," मास्तर म्हणाले आणि क्लचच्या मानेवरची धूळ झटकू लागले.

काम संपल्यावर त्यांनी भिंतीचा फोटो काढला. एवढा मोठा क्लच! कोणाला दाखवावा म्हणून फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. निम्मे जुने शिकाऊ होते, लायसन्स मिळाल्यावर ज्यांनी कधी फोन केला नव्हता. शेवटी त्यांनी तो बायकोला पाठवला.

ते गाडीत येऊन बसले, तोच तिचा फोन आला. तिकडे सकाळ होती, मागे नातू चमचा आपटत होता.

"भिंत छान आहे," ती म्हणाली. "कुत्रा कोणाचा?"

"आपला. म्हणजे माझा. अकरा महिने झाले."

ती ओरडेल म्हणून त्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला होता. पण ती हळू आवाजात म्हणाली, "मलाही तुम्हाला सांगायचं होतं. पोरीने अजून एक वर्ष राहा म्हटलंय. मी हो म्हणून बसले. त्यालाही पंधरा दिवस झाले. रोज म्हणते सांगेन, आणि तोंडातून निघत नाही."

"बरं," मास्तर म्हणाले.

"रागावलात?"

"नाही गं. त्या पोरीला गरज आहे."

तिने कुत्रा दाखवा म्हटलं. मास्तरांनी व्हिडिओ लावून फोन क्लचसमोर धरला, त्याने काच चाटली. ती थोडी हसली, आणि पलंगावर घेत जाऊ नका म्हणाली. नाही घेत, असं मास्तरांनी सांगितलं. नातवाने काहीतरी सांडलं आणि फोन बंद झाला.

त्यांनी किल्ली फिरवली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून ते तसेच बसून राहिले. लॉज उद्या सोडायचं ठरलं होतं. पण घरी जायची घाई कशाची, हे त्यांना आठवेना. त्यांनी लॉजवाल्या बाईंना फोन करून खोली आणखी चार दिवस ठेवायला सांगितली.

संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या दुकानात क्लचसाठी खाणं घ्यायला गेले. दुकानदाराने सहज विचारलं, कुत्रा किती वर्षांचा? मास्तर सांगायला लागले. शिकाऊ गाडी, पेडल, न्हाणीघर, ती भिंत, सगळं. दुकानदार मान डोलावत ऐकत होता आणि एकेक बरणी आत नेत होता. अर्धं शटर खाली आलं, तरी मास्तरांचं बोलणं संपलं नव्हतं.